बॅटरीचा जमाखर्च

(पुणे येथे मार्केट यार्डमध्ये माल घेऊन आलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचून दाखवावा.)



आज आम्ही भावाविषयी बोलणार नाही, कर्जाविषयीही नाही. आज बॅटरीविषयी बोलायचे आहे. कोणी म्हणेल, कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्यांच्या बैठकीत बॅटरी कशाला? ते काम वायरमनचे, मेस्त्रीचे. आमचे म्हणणे असे की हा हिशेबाचा विषय आहे, आणि हिशेब दुसऱ्यावर सोपवला की काय होते हे शेतकऱ्याला नव्याने शिकवायला नको.

बियाण्याची पिशवी घेताना आपण दहा दुकाने फिरतो. बॅटरी घेताना मात्र एकच प्रश्न विचारतो, "गॅरंटी किती?" ती कशासाठी घेतो, रोज तिच्यातून किती काढणार, परत किती भरणार, यातले काहीच विचारत नाही. मग दीड वर्षात बॅटरी बसली की दुकानदाराला शिव्या. कधी त्या बरोबरही असतात. पण बहुतेक बॅटऱ्या कंपनीच्या हातून मरत नाहीत, आपल्या हातून मरतात, आणि त्याही उपाशी मरतात.

रात्र खांबापासून दूर

गुलटेकडीच्या या यार्डात कापूस येत नाही. कापसाची वाट जिनिंगकडे जाते. पण सोलापूर, बार्शी, करमाळा, जामखेडकडची ज्वारी इथल्या भुसार बाजारात येते. कांद्याच्या, भाजीच्या, डाळिंबाच्या गाड्या रात्रभर लागत असतात. ड्रायव्हर, क्लीनर आणि पुष्कळदा मालाचा धनी गाडीतच झोपतो. डास असतात म्हणून पंखा लावतो, दिवा लावतो, दोन मोबाइल चार्जिंगला लावतो, झोप येईपर्यंत गाणी ऐकतो. पहाटे गाळ्यावर गाडी लावायची वेळ झाली की सेल्फ 'टक्' करतो आणि गप्प बसतो. मागे गाड्यांची रांग, हमाल खोळंबलेले, अडत्याची हाक. त्या वेळी मेस्त्री मागेल ते पैसे द्यावे लागतात.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या वर्षातल्या पुष्कळ रात्री अशा खांबापासून दूर जातात. आषाढात दिंडीबरोबर. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्यांच्या कोपीत. ज्वारी निसवली की माळ्यावर राखणीला. या सगळ्या ठिकाणी बरोबर नेली तेवढीच वीज.

परदेशात यावर मोठा धंदा उभा आहे. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात लोक चाकांवरचे घर घेऊन महिनोन् महिने फिरतात. आत दिवे, पंखे, फ्रिज, पाण्याचा पंप, सगळे असते. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ साली अशा फिरत्या घरांसाठी, म्हणजे कॅरॅव्हॅन पर्यटनासाठी, धोरण काढले. ते पर्यटकांसाठी आहे. आपली माणसे चाकांवर राहतात ती हौसेने नाही, पोटासाठी आणि पांडुरंगासाठी. पण त्या श्रीमंत गाडीला विजेचे जे नियम लागू पडतात तेच ज्वारीच्या टेम्पोलाही लागू पडतात. ते फुकट शिकता येतात, म्हणून शिकून घेऊ.

दोन कामे, दोन बॅटऱ्या

त्या गाड्यांमधला पहिला नियम असा, की इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी आणि घर चालवायची बॅटरी वेगळी. हा चोचला नाही. दोन्ही कामांचा स्वभावच वेगळा आहे.

सेल्फ मारताना बॅटरीतून दोनशे-तीनशे अँपिअर करंट जातो, मोठ्या ट्रकला त्याहून जास्त. पण जातो किती वेळ? तीन सेकंद. तीनशे अँपिअर तीन सेकंद म्हणजे नऊशे अँपिअर-सेकंद. तासात ३६०० सेकंद असतात. भागाकार केला तर उत्तर येते पाव अँपिअर-तास. एवढेच! आणि तो केबिनमधला लहानसा पंखा दोन अँपिअर घेतो, पण आठ तास घेतो. झाले सोळा अँपिअर-तास. म्हणजे एका रात्रीचा पंखा चौसष्ट वेळा सेल्फ मारण्याइतकी वीज खातो.

गाडीच्या बॅटरीत शिशाच्या पातळ पातळ प्लेटा पुष्कळ असतात. एका दमात जोर लावायचा आणि लगेच भरून घ्यायचे, यासाठी ती केलेली आहे. शर्यतीचा बैल समजा. त्याला दिवसभर औताला जुंपला तर तो मोडतो. इन्व्हर्टरला लावतात ती ट्यूब्युलर बॅटरी जाड प्लेटांची असते. तिच्यात एकदम जोर कमी, पण रोज हळूहळू काढा, रोज भरा, ती वर्षानुवर्षे चालते. तो औताचा बैल.

शिशाची बॅटरी जुनीच वस्तू आहे. गास्तों प्लाँते नावाच्या फ्रेंच माणसाने ती १८५९ साली केली. आत शिसे आणि पातळ केलेला गंधकाचा तेजाब. वीज काढली की तेजाबातला गंधकाचा अंश प्लेटांवर पांढरा थर होऊन बसतो. भरली की तो थर परत विरघळतो. पण उतरलेली बॅटरी तशीच पडू दिली तर तो थर घट्ट होतो आणि मग कोणत्याही चार्जरला दाद देत नाही. बॅटरी उपाशी मरते असे आम्ही म्हटले ते याचसाठी.

कापूसवाल्यांनी हे घरी जाऊन तपासावे. पाठीवरच्या फवारणी पंपात बारा व्होल्टची, आठ-बारा अँपिअर-तासांची लहान बॅटरी असते. शेवटची फवारणी झाली की पंप आहे तसा कोपऱ्यात जातो तो पुढच्या पावसाळ्यात निघतो. तोवर बॅटरी दगड झालेली असते. पंप ठेवताना ती पूर्ण भरून ठेवा आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा भरा. खर्च काहीच नाही.

तीन आकड्यांचा हिशेब

बॅटरीवर दोन आकडे लिहिलेले असतात, व्होल्ट आणि अँपिअर-तास. दुकानदार अँपिअर-तासाला 'एएच' म्हणतो. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट-तास निघतात. हजार वॅट-तास म्हणजे आपल्या लाइट बिलातले एक युनिट.

बारा व्होल्ट, दीडशे एएचची मोठी ट्यूब्युलर बॅटरी घ्या. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास, पावणेदोन युनिटांच्या थोडे वर. पण ही बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते. अर्ध्यावर थांबले तर ती टिकते. म्हणजे हातात आले ९०० वॅट-तास, युनिटभरही नाही. दोन माणसांनी उचलायची वस्तू, आणि आत वीज एका युनिटाच्या आत. हे एकदा मनात बसले की पुढची निम्मी फसवणूक आपोआप टळते.

आता खर्चाची बाजू. नऊ वॅटचा एलईडी दिवा पाच तास लावला तर ४५ वॅट-तास. घरातला जुना छताचा पंखा ७५ वॅटचा, आठ तासांत ६०० वॅट-तास, हातातल्या नऊशेंतले दोन तृतीयांश. नवीन जातीचा, बीएलडीसी म्हणतात तो पंखा तीस-पस्तीस वॅट घेतो, त्याच रात्रीला २८० वॅट-तास पुरतात. मोबाइल एकदा पूर्ण भरायला वीस धरा.

यार्डातल्या त्या टेम्पोचा हिशेब मांडू. बॅटरी ७५ एएचची. पंखा सोळा अँपिअर-तास, दिवा तीन, दोन मोबाइल तीन, गाणी चार. बेरीज सव्वीस. बॅटरी नवी असेल तर जवळजवळ पन्नास शिल्लक राहतात आणि गाडी सुरू होते. पण जुनी बॅटरी पाऊणशेचे नाव सांगते आणि धरते चाळीस. चाळीसातून सव्वीस गेले, राहिले चौदा. त्यावर सेल्फ फिरत नाही. रोज तोच पंखा, तोच दिवा, आणि एके दिवशी अचानक 'टक्'. त्यात अचानक असे काही नसते. त्या दिवशी जमाखर्च जुळला नाही, इतकेच.

हे आधी कळायला एक लहान मीटर पुरतो. गाडी बंद ठेवून, दिवे बंद करून, तास-दोन तासांनी बॅटरीच्या दोन टोकांना लावावा. १२.६ किंवा वर दाखवले तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली म्हणजे ती उपाशी आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसले पाहिजे. त्याहून कमी दिसले तर बॅटरीला नावे ठेवू नका, अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा.

मोठ्या ट्रकवाल्यांना एक वेगळी सूचना. ट्रकला २४ व्होल्ट लागतात, म्हणून बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. पुष्कळजण टेपला, चार्जरला बारा व्होल्ट हवेत म्हणून त्यातल्या एकाच बॅटरीवरून वायर काढतात. मग एक रोज उपाशी राहते आणि दुसरी रोज अति भरून तापते. दोन्ही लवकर मरतात. चोवीसाचे बारा करणारा लहानसा कन्व्हर्टर मिळतो, तो लावावा.

भरणे हे काढण्यापेक्षा सावकाश

बॅटरी भरायचे रस्ते तीनच. इंजिनाचा अल्टरनेटर, खांबावरची किंवा जनरेटरची वीज चार्जरमधून, आणि सोलर प्लेट. परदेशी गाडीत तिन्ही असतात. गाडी चालली की अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्या भरतो. गाडी थांबली की मधला स्विच दोन्ही बॅटऱ्यांना वेगळे करतो, म्हणजे रात्री घराने कितीही खाल्ले तरी इंजिनाची बॅटरी शाबूत राहते. हा स्विच किंवा रिले आपल्याकडेही मिळतो. ज्याला वर्षातल्या पन्नास रात्री गाडीत काढायच्या आहेत, त्याने एक वेगळी बॅटरी आणि हा रिले एवढे केले तर पहाटेचा धक्का सुटतो.

पण भरण्याला घाई चालत नाही. कापसाची ट्रॉली भरताना काय होते? निम्मी ट्रॉली भराभर भरते. वरचा कापूस मात्र तुडवून तुडवून बसवावा लागतो. शिशाच्या बॅटरीचेही तसेच. सुरुवातीला ती करंट भरपूर घेते, शेवटचा पाचवा हिस्सा घ्यायला तासन् तास लावते. साधारण हिशेब असा, की दीडशेच्या बॅटरीला पंधरा अँपिअरने भरावे, म्हणजे दहा-बारा तास. सोलापूरहून पुण्याला पाच तास चाललेल्या गाडीची बॅटरी बरीच भरून निघते. यार्डात दोन दिवस उभी राहून शहरात दोन-चार फेऱ्या मारणाऱ्या गाडीची भरत नाही.

काहीजण म्हणतात, इंजिन चालू ठेवून झोपू. मोठे इंजिन उभ्या उभ्या तासाला लिटरभर तरी डिझेल पिते. लिटरभर डिझेलमध्ये उष्णता असते दहा युनिटांच्या आसपास, आणि मंद फिरणारा अल्टरनेटर तासाभरात बॅटरीत टाकतो जेमतेम पाव युनिट. दहा पोती पेरून पाव पोते घरी आणण्याचा हा धंदा आहे. अशी शेती आपल्याला दुसऱ्यांनी करायला लावली, निदान ही तरी आपण होऊन करू नये.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालवाहू ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. ड्रायव्हरला गारवा मिळाला हे चांगलेच. पण तो एसी इंजिनावर चालतो. इंजिन बंद करून बॅटरीवर एसी चालवायचा तर तासाला पाचशे वॅट धरले तरी आठ तासांत चार युनिटे लागतात. आपल्या हिशेबाने दीडशेच्या चार-पाच बॅटऱ्या. म्हणून उभ्या गाडीत पंखाच खरा.

दिंडीचा ट्रक

आता सगळ्यात मोठे उदाहरण घेऊ. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेपासून उपनगरांपर्यंत दिंड्यांचे ट्रक उभे असतात. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या कोरडवाहू गावांतून आलेले. तंबू, भांडी, शिधा, आजारी माणसे, सगळे त्यात. आपल्याकडचे खरे चाकांवरचे घर हेच.

आळंदी ते पंढरपूर ही वाट अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेरची, आणि ती जवळजवळ तीन आठवडे चालते. म्हणजे ट्रक दिवसाला सरासरी बारा-पंधरा किलोमीटर सरकतो, चालतो जेमतेम तास-दीड तास. त्यात अल्टरनेटर काय भरणार? वर आषाढाचे ढग. सोलर प्लेटवर कंपनी लिहिते ते कडक उन्हाचे आकडे. ३३० वॅटची प्लेट चांगल्या उन्हात दिवसाला हजार-बाराशे वॅट-तास देते, दाट ढगात त्याचा तिसरा हिस्साही मिळायची खात्री नाही.

खर्च बघा. दहा दिवे पाच तास, ४५० वॅट-तास. पंधरा मोबाइल, ३००. कीर्तनाचा लहान भोंगा तीन तास, १५०. बेरीज ९००. इन्व्हर्टर स्वतः दहा-पंधरा टक्के खातो, म्हणजे हजारावर गेले. एक बॅटरी पुरली नाही. आता दोन वाटा आहेत. दुसरी बॅटरी घ्यायची, किंवा दिवे बारा व्होल्टचेच घ्यायचे. तसे एलईडी दिवे मिळतात, ते बॅटरीवर थेट चालतात आणि मध्ये इन्व्हर्टरचा अडत्या राहत नाही. अडत किती जाते हे या यार्डात बसून सांगायला नको.

आणि चार्जर बरोबर ठेवावा. मुक्कामाच्या गावी शाळेत, देवळात, एखाद्या घरी रात्रभर खांबाची वीज मिळाली की बॅटरी पोटभर भरून घ्यावी. विचारून घ्यावी आणि मीटरचे पैसे द्यावेत. परदेशी गाड्यासुद्धा दोन-चार दिवसांनी असेच कुठेतरी वायर लावून उभ्या राहतात.

कोपीतला दिवा

ऊसतोडीला जाणाऱ्यांची गोष्ट सोपी आहे, म्हणूनच ती झालीच पाहिजे. बीड, अहिल्यानगर, जालना भागातली कोरडवाहू कुटुंबे चार-पाच महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत राहतात. पहाटे अंधारात बाई चूल पेटवते, मूल बाहेर जाते. विंचू आहे, साप आहे. तिथे लागतो काय? तीन वॅटचे दोन दिवे, पाच तास. तीस वॅट-तास. बारा व्होल्ट सात एएचची लहान बॅटरी अर्धी उपसली की बेचाळीस देते. दहा वॅटची प्लेट हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात पस्तीसच्या आसपास भरते. हिशेब जुळला. रात्र उजळते आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर दिवा लावून सकाळी ट्रॅक्टर ढकलायची वेळ येत नाही.

प्लेट आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर मात्र हवाच. बॅटरी भरली की तो थांबवतो, उतरली की दिवा तोडतो. काहीजण दिवा बंद होतो म्हणून कंट्रोलरच काढून टाकतात. म्हणजे राखणदाराला हाकलून खळे उघडे टाकण्यातला प्रकार.

वायर, फ्यूज आणि उष्णता

बारा व्होल्टचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवा. घरच्या २३० व्होल्टवर ६०० वॅटचे यंत्र अडीच-पावणेतीन अँपिअर घेते. तेच काम बारा व्होल्टवर पन्नास अँपिअर मागते. म्हणून घरची पातळ वायर इथे तापते, वितळते, पेट घेते. बॅटरी ते इन्व्हर्टर वायर जाड असावी, तोकडी असावी, आणि बॅटरीजवळ फ्यूज असलाच पाहिजे. गाड्या जळतात त्यातल्या कित्येक अशा फ्यूज नसलेल्या वायरींनी.

दुसरे म्हणजे, तापवायचे काम बॅटरीला सांगू नका. हजार वॅटची शेगडी किंवा इस्त्री बॅटरीतून नव्वद अँपिअर ओढते. चहा गॅसवर, पाणी चुलीवर. श्रीमंतांच्या फिरत्या घरातही स्वयंपाक बहुधा गॅसवरच होतो.

अलीकडे लिथियमची बॅटरी आली आहे. ती वजनाला हलकी, अर्ध्याऐवजी ऐंशी-नव्वद टक्के उपसता येते आणि जास्त वर्षे टिकते. किंमत जास्त. ज्याला रोज लागते त्याला ती परवडते, वर्षातून वीस दिवस लागते त्याला नाही. तिला चार्जर तिचाच लागतो. अल्टरनेटरला थेट जोडली तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटरच जळतो. मध्ये बॅटरीतून बॅटरी भरणारा चार्जर बसवावा लागतो.

बॅटरीची मर्यादा

कोणी विचारेल, मग विहिरीवरची मोटर बॅटरीवर का नाही चालवायची? रात्रीच्या लाइटीला पाणी द्यायला जाणे तरी सुटेल. हिशेब करा. पाच हॉर्सपॉवरची मोटर चार-साडेचार किलोवॅट घेते. सहा तासांत पंचवीस-सत्तावीस युनिटे. आपल्या मोठ्या बॅटरीतून अर्धे उपसून निघते युनिटभराहून कमी. म्हणजे एका विहिरीला तीस बॅटऱ्या, त्या काही वर्षांनी बदलायच्या. २०२४ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतल्या पंपाला बॅटरी नसते ती म्हणूनच. दिवसा ऊन असेल तेव्हा पाणी उपसा आणि शेततळ्यात, टाकीत साठवा. पंपाची स्वस्त बॅटरी म्हणजे साठवलेले पाणी. आणि शेतकऱ्याला दिवसा वीज द्या ही मागणी तशीच उभी राहते. बॅटरी विकत घेऊन ती फिटत नाही.

जिवाची गोष्ट

रानडुकरांसाठी झटका मशीन लावतात. त्याची बॅटरी बारा व्होल्टची. ते यंत्र तारेत हजारो व्होल्ट सोडते, पण सेकंदाला एकदा आणि क्षणाच्या बारीक तुकड्यापुरते. जनावर दचकते, मरत नाही. काही लोक यंत्राचे पैसे वाचवायला तारेत सरळ खांबाची लाइट सोडतात. त्यात माणसे मेली आहेत, शेजारी मेले आहेत, स्वतःची मुले मेली आहेत. आणि नीट ऐका, इन्व्हर्टरमधून निघणारे २३० व्होल्टही तितकेच मारतात. आत बॅटरी आहे म्हणून ती लाइट सौम्य होत नाही. तारेला फक्त झटका मशीन, दुसरे काही नाही.

बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीने उडतो. म्हणून भरताना जागा हवेशीर ठेवा, जवळ बिडी नको. बॅटरीत पाणी घालायचे ते डिस्टिल्ड वॉटरच, बोअरचे नाही. वायर काढताना आधी उणे टोक, जोडताना उणे टोक शेवटी. जनरेटर ट्रकच्या हौद्यात किंवा तंबूजवळ चालवून कोणी झोपू नये. त्याच्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो, झोपेतला माणूस उठत नाही. मेलेली बॅटरी घरी फोडू नका, शिसे मुलांना विष आहे. दुकानदाराला परत द्या. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, आणि तिच्यातल्या शिशाला किंमत आहे. ती नव्या बॅटरीच्या बिलातून वजा करून घ्या.

दुकानात जाताना

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गावातल्या एका गाडीचा, एका दिंडीचा किंवा एका टोळीचा. डाव्या बाजूला खर्च: कोणते यंत्र, किती वॅट, किती तास. उजव्या बाजूला जमा: कशाने भरते, किती तास भरते. खाली शिल्लक. आम्ही तो फळ्यावर मांडू, आणि चुकला तर सगळे मिळून दुरुस्त करू.

मग दुकानात जाऊन पाच गोष्टी विचाराव्यात. ही बॅटरी सेल्फची की रोज उपसायची? व्होल्ट किती आणि एएच किती? बनल्याची तारीख कोणती, म्हणजे दुकानात किती महिने उपाशी पडली होती? हिला किती अँपिअरचा चार्जर लागतो? जुनीचे किती वजा करणार? या पाचांची उत्तरे जो नीट देतो त्याच्याकडून घ्या. जो फक्त गॅरंटीचे कार्ड पुढे करतो त्याला नमस्कार करून बाहेर या.

सेल्फच्या 'टक्'ला देव जबाबदार नसतो, नशीब नसते. चाळीसातून सव्वीस वजा करता येणाऱ्या माणसाला ती पहाट आदल्या रात्रीच दिसते, आणि तो पंखा मध्यरात्री बंद करतो. सगळी वीज आपल्या हातात नाही. पण जी बरोबर घेऊन निघतो तिचा जमाखर्च तरी आपल्याच हातात राहू द्या.